सनद, वाटा आणि सूड : बहरीनच्या समुद्रावरील एका जहाजाची कथा

(शब्बाथ समाप्तीनंतर प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका सालापासून करतो. ते साल म्हणजे इ. स. १७८३. या वर्षी पॅरिस येथे तह होऊन अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले आणि एक नवे राष्ट्र जगाने मान्य केले. त्याच वर्षी, तेथून हजारो कोस दूर, इराणच्या आखातातील बहरीन हे बेट आल खलीफा घराण्याने जिंकले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र दोन्ही ठिकाणी समुद्रावर खाजगी जहाजे लढली होती, आणि दोन्ही ठिकाणी लढाईनंतर एकच प्रश्न उभा राहिला होता : जिंकले त्यात कोणाचा वाटा किती? अमेरिकेत त्या प्रश्नाचे उत्तर आधीच कागदावर लिहून ठेवलेले होते. बहरीनमध्ये ते लिहिलेले नव्हते. त्या न लिहिलेल्या वाट्यापायी त्रेचाळीस वर्षे कसे वैर पेटत राहिले, त्याची ही कथा आहे.

प्रथम अमेरिकेची रीत थोडक्यात पाहू. बंड पुकारलेल्या वसाहतींजवळ इंग्लंडशी सामना देईल असे आरमार नव्हते. म्हणून त्यांच्या काँग्रेसने व्यापाऱ्यांच्या जहाजांना सनदा दिल्या. सनद मिळालेल्या जहाजाने शत्रूची व्यापारी गलबते धरावीत, बंदरात आणावीत आणि न्यायालयापुढे उभी करावीत. न्यायालयाने ती लूट युद्धातील रास्त प्राप्ती ठरविली, तरच ती विकावयाची. विक्रीची रक्कम जहाजाचे मालक आणि खलाशी यांत आधी ठरलेल्या प्रमाणात वाटावयाची. सनद घेताना जामीन लिहून द्यावा लागे : शंभर टनांहून लहान जहाजास पाच हजार डॉलर, मोठ्यास दहा हजार. नियम मोडला तर जामीन जप्त. अशा सुमारे १,७०० सनदा काँग्रेसने दिल्या. सनदी जहाजांत भांडवल घालणाऱ्यांत आयझॅक मोझेस नावाचे एक यहुदी व्यापारी होते. इंग्रजांनी न्यूयॉर्क घेतल्यावर ते फिलाडेल्फियास आले, आणि १७८२ साली तेथील मिकवे इस्राएल प्रार्थनालयाची नवी इमारत उभी राहिली तेव्हा ते त्या मंडळीचे पारनास होते. इंग्रजांच्या दृष्टीने असे लोक बंडखोरांचे साथीदार आणि त्यांची जहाजे चाच्यांची. फिलाडेल्फियाच्या दृष्टीने ते देशाचे सेवक. माणूस तोच, जहाज तेच. भेद होता तो सनद कोणाची आणि ती कोण मानतो एवढ्याचाच.

ही गोष्ट आपणां कोकणातल्या लोकांना नवी नाही. कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी आपल्या दप्तरात चाचा म्हणून लिहिले. वास्तविक ते मराठी राज्याचे सरखेल होते. त्यांच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्याने गलबत नेता येत नसे, आणि ज्या कंपनीने ते दस्तक घेण्याचे नाकारले तिची गलबते पकडण्याचा आपणास अधिकार आहे असे ते मानीत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. याच आंग्र्यांच्या आरमारात आपल्या समाजातील आरोन चुरीकर यांनी नाईकपद भूषविल्याचे आपल्या इतिहासात नमूद आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणी ‘समुद्रावरचा लुटारू’ हा शब्द उच्चारला, तर त्याने आधी एवढे विचारावे की तो शब्द कोणाच्या दप्तरातला आहे.

आता बहरीनकडे येऊ. आपल्या अनेक घरांतील माणसे नोकरीधंद्यानिमित्त आखातात राहून आली आहेत, त्यांना तो मुलूख परिचित आहे. एका बाजूस कतारचे द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूस अरबस्तानचा किनारा आणि मध्ये उथळ पाण्यात वसलेली बहरीनची बेटे. आज सौदी किनाऱ्यावरून तेथे जाण्यास पंचवीस किलोमीटरचा पूल आहे. तो १९८६ साली खुला झाला. त्या काळी हेच अंतर शिडाच्या होडीने कापावे लागे. बेटावर गोड्या पाण्याचे झरे, खजुरीच्या बागा. आणि भोवतालच्या समुद्रतळाशी मोत्यांचे शिंपले. हे मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि मुंबईहून तांदूळ, कापड व जहाजबांधणीचे सागवान तिकडे जाई. ज्याच्या हाती बहरीन, त्याच्या हाती ही मिळकत.

उतूब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरबांची तीन घराणी अठराव्या शतकात कुवेतमध्ये नांदत होती : आल सबाह, आल खलीफा आणि जलाहिमा. परंपरा असे सांगते की त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली होती. कारभार आल सबाह यांनी पाहावा, व्यापार आल खलीफांनी, आणि समुद्र जलाहिमांनी. १७६६ साली आल खलीफा कतारच्या किनाऱ्यावरील झुबारा येथे गेले. जलाहिमाही तेथे आले. त्या वेळी बहरीन बेट बुशायरच्या शेख नस्र याच्या ताब्यात होते. १७८२ साली शेखाने झुबारावर स्वारी केली, ती फसली. पुढच्या वर्षी उतूबांनी उलट बहरीनच घेतले. त्या विजयात जलाहिमांची गलबते होती, माणसे होती. बेट हाती आल्यावर मात्र सत्ता व उत्पन्न आल खलीफांकडे राहिले, आणि आपल्याला मिळाला तो वाटा रास्त नव्हे असे जलाहिमांनी ठरविले. ते रुसून निघाले. प्रथम बुशायरला आणि पुढे कतारच्या उत्तर टोकाशी खोर हसन या लहानशा बंदरात त्यांनी तळ दिला. तेथून बहरीनला जाणाऱ्या गलबतांच्या वाटेवर लक्ष ठेवता येत असे.

या रुसलेल्या घराण्यातील एक तरुण म्हणजे रहमा बिन जाबिर. त्याचा जन्म १७६० च्या सुमारास कुवेतमध्ये झाला. तो आरंभी घोड्यांचा व्यापार करी, आणि त्यातून साठविलेल्या पैशांतून त्याने पहिले गलबत घेतले, असे सांगतात. तेव्हा त्याच्याजवळ दहा साथीदार होते. पुढे तीनशे टनांचे जहाज आणि त्यावर साडेतीनशे माणसे. उतारवयात त्याचे अनुयायी दोन हजारांच्या घरात गेले. त्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा उल्लेख मला शेवटी पुन्हा करावा लागेल. त्याच्या एका जहाजाचे नाव ‘अल्‌-मनोवर’ असे होते. हे नाव अरबी वाटते, परंतु ते लढाऊ जहाजासाठी इंग्रज खलाशी वापरीत त्या शब्दाचे अरबी जिभेवर बसलेले रूप आहे. ‘घत्रूशा’ हे त्याचे अखेरचे जहाज.

१८१६ साली बकिंगहॅम नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याला बुशायरमध्ये पाहिले. एक डोळा लढाईत गेलेला, चेहऱ्यावर व्रण, एक हात जखमेने निकामी. अंगात एकच सदरा, आणि तो फाटेपर्यंत बदलावयाचा नाही असा परिपाठ. माणसांत बसला तर त्यांचा सरदार कोण हे परक्याला ओळखू येऊ नये, इतके त्याचे राहणे साधे. धनासाठी लुटणारा मनुष्य असा राहत नाही. त्याला धनापेक्षा काही निराळे हवे होते.

त्याच्या राजकारणाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. १८०९ च्या सुमारास तो अरबस्तानातील सौदी सत्तेच्या बाजूस गेला, कारण ती आल खलीफांच्या विरुद्ध होती. पुढच्याच वर्षी सौदींनी बहरीनवर आपला अंमल बसविला, परंतु तो टिकला नाही. १८११ साली आल खलीफांशी समुद्रावर मोठी लढाई झाली आणि तीत रहमाचा पराभव झाला. १८१६ साली मस्कतचा सुलतान बहरीनवर चालून निघाला, तेव्हा रहमा त्याला मिळाला, जरी सुलतान हा सौदींचा शत्रू होता. ती स्वारी फसली. संतापलेल्या सौदींनी दम्माम येथील रहमाचा किल्ला पाडला. दोन वर्षांनी इब्राहिम पाशाच्या सैन्याने सौदी सत्ता मोडली, तेव्हा तो पाशाचा साथीदार झाला आणि दम्मामला परतून त्याने किल्ला पुन्हा उभारला. मित्र बदलले, धनी बदलले, बंदरे बदलली. शत्रू एकच राहिला. क्रांतियुद्धातील सनदी जहाजाला एक सरकार असते आणि ते सरकार तह करते तेव्हा जहाजाचे युद्ध संपते. रहमा मात्र आपल्या वैरासाठी सरकारे शोधीत होता. त्याचे युद्ध संपविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता.

येथे मुंबईचा संबंध येतो. आखातातील राजकारण ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई सरकार बुशायर येथील रेसिडेंटमार्फत पाहत असे. १८०९ साली मुंबईहून निघालेल्या मोहिमेने रास अल्‌-खैमा हे कासिमी अरबांचे बंदर जाळले. रहमाच्या खोर हसनवरही हल्ला करावा असा विचार झाला होता, परंतु तो सोडून देण्यात आला. सौदी सत्तेशी उघड वैर कंपनीला नको होते, आणि रहमा इंग्रजी निशाणाच्या जहाजांना हात लावीत नसे. बहरीनच्या गलबतांवर तो हल्ले करी, ते त्या दोघांचे युद्ध समजले गेले. आपले गलबत वाचले म्हणजे लूट हे युद्ध होते आणि आपले गलबत बुडाले म्हणजे युद्ध ही लूट होते, हा न्याय साम्राज्यांना फार सोयीचा असतो.

तरीही याच मुंबई सरकारच्या हातून दहा वर्षांनी एक महत्त्वाचा दस्तऐवज घडला. १८१९ च्या नोव्हेंबरात मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोठी मोहीम मुंबईहून निघाली. डिसेंबरात रास अल्‌-खैमा पडले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी तह झाला. फेब्रुवारीत बहरीनचे शेखही त्या तहात सामील झाले. त्यातील एका कलमाचा आशय असा : जे युद्ध एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध जाहीर केले, मान्य केले आणि आज्ञा देऊन चालविले, ते युद्ध, अशी घोषणा आणि आज्ञा नसताना माणसे मारणे व माल घेणे ही लूट आणि चाचेगिरी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून गलबतांतून नेणे हीदेखील लूटच, असे दुसऱ्या कलमात म्हटले होते, जरी त्याची अंमलबजावणी पुढे कित्येक वर्षे झाली नाही. तहातील गलबतांनी पांढऱ्या किनारीचे लाल निशाण लावावे, असेही ठरले. आजच्या बहरीनच्या ध्वजावरील पांढरा रंग त्या अटीतून आलेला आहे. रहमाने या तहावर सही केली नाही.

या कलमाचा विचार करताना मला तालमुदातील बाबा कामा या ग्रंथातील एक चर्चा आठवते. आचार्य शमुएल यांचा प्रसिद्ध निर्णय आपण जाणता : राज्याचा कायदा तो कायदाच होय. शमुएल हे नेहार्देआचे, फरात नदीकाठचे. आणि फरातचे पाणी शेवटी याच आखातात येऊन मिळते. परंतु गुरुजनांनी तेथे लागलीच एक अडचण उपस्थित केली आहे. राज्याचा कायदा जर कायदा, तर मिश्ना जकातदाराला लुटारूंच्या पंक्तीत का बसविते? तिला दोन उत्तरे दिली आहेत. एक असे की ही गोष्ट ज्याच्या मागणीला मर्यादा नाही अशा जकातदाराची आहे. दुसरे असे की ती कोणी न नेमता स्वतःच उभा राहिलेल्या जकातदाराची आहे. अधिकार आणि मर्यादा, या दोन कसोट्या. तहाच्या कलमात पहिली कसोटी आहे, दुसरी नाही. सरकारची आज्ञा असली म्हणजे झाले, असे ते कलम म्हणते. आपले गुरुजन एक पाऊल पुढे जातात : आज्ञा असूनही जिला अंत नाही अशी मागणी लूटच ठरते. रहमा दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. त्याला कोणी नेमले नव्हते, आणि त्याच्या मागणीला ‘आता पुरे’ हा शब्दच नव्हता. त्याच्यात व बहरीनच्या शेखांत इंग्रजांच्या मध्यस्थीने तडजोडीचे प्रयत्न झाले, पण शांतता टिकली नाही.

आता अखेरचा प्रसंग. साल १८२६. रहमा सत्तरीकडे झुकलेला, पूर्ण आंधळा. दम्मामला बहरीनच्या गलबतांचा वेढा पडला होता. त्याने ‘घत्रूशा’ सज्ज करविले आणि शत्रूच्या गलबताला भिडविण्यास सांगितले. ते गलबत आल खलीफा घराण्यातील शेख अहमद बिन सलमान याचे होते. दोन्ही जहाजे एकमेकांना जखडली, माणसांशी माणसे भिडली आणि रहमाची माणसे पडू लागली. आपल्याला दिसत नाही ते तो इतरांना विचारीत होता. जहाज हातचे जात आहे हे कळताच त्याने आपल्या धाकट्या मुलाला जवळ घेतले. मुलगा आठ वर्षांचा होता. मग तो दारूच्या कोठीपाशी गेला आणि हुक्क्यातील निखाऱ्याने त्याने ती पेटविली. ‘घत्रूशा’ फुटले. त्यावरील माणसे, तो आणि ते मूल, सर्व संपले. त्या आगीने शत्रूचे गलबतही पेटले आणि काही वेळाने उडाले. परंतु तत्पूर्वी त्यावरचा सरदार आणि खलाशी यांना ताफ्यातील इतर होड्यांनी उतरवून घेतले होते.

बंधूंनो, हा प्रसंग ऐकताना आपल्यापैकी प्रत्येकाला शमशोन आठवला असेल. तोही आंधळा, तोही शत्रूंनी वेढलेला, तोही आपल्यासह सर्व काही खाली आणणारा. आखातातील कथाकारांनी रहमाला वीर म्हटले आहे, आणि त्याच्या धैर्याविषयी शत्रूलाही शंका नव्हती. पण शास्त्यांच्या पुस्तकातील सोळाव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. शमशोनाचा हात धरून त्याला चालविणारा एक मुलगा होता. खांबांना हात घालण्यापूर्वी शमशोन त्या मुलाला म्हणतो की मला सोड. ‘हन्नीखा ओती’ या मूळ शब्दांचा एक अर्थ असा घेता येतो की त्या क्षणी त्या आंधळ्या वीराने मुलाला आपला हात सोडण्यास सांगितले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शास्त्र सांगत नाही. रहमाने नेमके उलट केले. त्याने हात सोडविला नाही, तो घट्ट धरला. सूडाने पेटलेल्या माणसाच्या हाती शेवटी शत्रू लागत नाही; ज्याचा हात त्याच्या हातात असतो, तोच त्याच्याबरोबर जातो. शत्रू वाचला. मूल गेले.

आणि ती इतर माणसे? मी आधी म्हटले होते, त्याच्या अनुयायांत गुलाम पुष्कळ होते. वाट्याच्या अन्यायापायी उभ्या राहिलेल्या या वैरात, ज्यांना कोणत्याही विजयात वाटा नव्हता आणि कोणत्याही तहात आवाज नव्हता, तेही जळाले. बहरीनच्या ज्या मोतीवाल्यांची गलबते रहमाने लुटली, त्यांचाही १७८३ च्या वाटणीशी संबंध नव्हता. अन्याय झालेला मनुष्य आपल्या अन्यायाची किंमत बहुधा तिऱ्हाइताकडून वसूल करतो, हे आपण घरगुती वाटण्यांतही पाहिलेले आहे.

म्हणून आज मी आपणांस शमुएलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसाव्या अध्यायाकडे नेतो. अमालेकी लोकांनी सिकलाग जाळले आणि बायकामुले धरून नेली. दावीद सहाशे माणसांसह पाठलागास निघाला. बसोर ओढ्याशी दोनशे माणसे थकून सामानापाशी राहिली. चारशे पुढे गेली आणि सर्व सोडवून परत आली. तेव्हा त्या चारशेंतील काही दुर्जन म्हणू लागले की मागे राहिलेल्यांना लुटीतले काही देऊ नये. दाविदाने ते मानले नाही. लढाईस जाणारा आणि सामानापाशी राहणारा या दोघांचा वाटा सारखा, असे त्याने ठरविले. आणि शास्त्र सांगते की त्याने तो इस्राएलासाठी कायमचा नियम करून ठेवला. ओढ्याकाठीच, कुरकुर पहिल्यांदा ऐकू आली तेव्हाच त्याने तो निर्णय दिला. तो दुसऱ्या दिवसावर टाकला असता तर त्या दोनशे माणसांतून एखादा रहमा निपजला नसता, असे कोण म्हणेल?

उर्वरित इतिहास थोडक्यात सांगतो. १८५६ साली पॅरिस येथील जाहीरनाम्याने युरोपातील प्रमुख राष्ट्रांनी सनदी जहाजांची प्रथाच रद्द केली. १८६१ साली बहरीनने इंग्रजांशी करार करून समुद्रावरील युद्ध सोडून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराककडून यहुदी कुटुंबे बहरीनला येऊन व्यापारात स्थिरावली. मनामाच्या बाजारपेठेतील त्यांचे प्रार्थनालय आजही उभे आहे. १९२० च्या दशकात तेथील मोतीधंद्यात सुधारणा झाल्या. पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या नाखव्याच्या कर्जात अडकलेले असत; आता पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही देण्यात यावी, असा नियम झाला. त्या साध्या वहीला मी मोठी गोष्ट मानतो. ज्या समुद्रावर न लिहिलेल्या वाट्यापायी एक घराणे जळाले, त्याच समुद्रावर सर्वांत गरीब माणसाचा वाटा अखेर कागदावर उतरला.

आपल्या समाजातही मालमत्ता आहेत, विश्वस्त निधी आहेत, प्रार्थनालयांच्या जमिनी आहेत, भावाभावांतील घरे आहेत. कोणाचे किती हे वेळीच, लिहून आणि मागे राहिलेल्यांना न विसरता ठरविणे, हा मला या कथेचा बोध वाटतो. ते लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते. न लिहिल्याची किंमत बहरीनच्या समुद्राने त्रेचाळीस वर्षे मोजली.